जन्मदात्रीचा शोध

‘आराधना’ हा हिंदी चित्रपट १९६९ साली आला. त्यातील प्रेमकथा व गाणी लोकांच्या ध्यानात राहिली. आम्हांस मात्र त्याचे मर्म निराळे वाटते. गुपचूप लग्न केलेला वंदनेचा पती विमान-अपघातात जातो, सासरचे तिला सून मानीत नाहीत, मूल परक्या घरी दत्तक जाते आणि ती तेथेच त्याची आया होऊन राहते. मुलगा आईला शोधीत नाही. कारण शोधावयाचे आहे हेच त्याला ठाऊक नसते.

ही केवळ पटकथेची युक्ती नव्हे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने दत्तक जाताच जन्मकुळाचे नाते तुटले असे मानले. १९६२ च्या दुरुस्तीने आईबाप अज्ञात असलेल्या मुलालाही ही वाट मोकळी झाली. उपकार मोठाच! पण त्याच कायद्यात एक अपवाद आहे : जन्मकुळात ज्यांच्याशी विवाह निषिद्ध, तो निषेध दत्तकानंतरही कायम राहतो. म्हणजे कायद्यालाही रक्ताचा विसर पडलेला नाही. मग ज्याला आई कोण हे सांगितलेच नाही, त्याने तो पाळावा कसा? आईचे नाव विचारणाऱ्या दत्तक मुलाला कृतघ्न म्हणण्यापूर्वी आपण याचे उत्तर द्यावयास हवे.