बोले-ठराव आणि त्यापुढील कथा

आपल्या भंडारी ज्ञातीच्या सभासंमेलनांतून रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांच्या १९२३ सालच्या ठरावाचा उल्लेख होतो आणि टाळ्यांच्या गजरात भाषण तेथेच संपते. आमच्या मते कथेचा खरा भाग त्यापुढचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांस तशा सूचना दिल्या. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री सर्व यथासांग झाले. तळ्याच्या पायऱ्या मात्र पूर्वीसारख्याच बंद राहिल्या.

बोले यांचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी हा विषय पुन्हा कौन्सिलात आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे ठराव अमलात आणीत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी त्यांची मागणी होती. आपल्याच ठरावाचा हिशेब तीन वर्षांनी मागणारे सभासद कोणत्याही सभागृहात विरळाच!

तरीही पाणी ओंजळीत आले ते लोक स्वतः चालून गेले तेव्हा. मार्च १९२७ मध्ये महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावात खुले म्हणून जाहीर झालेले तळे असता परिषदेच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले होते. २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यात उतरले व पाणी प्याले. त्याबद्दल त्यांना मार बसला, तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला जुना ठरावच रद्द करून टाकला. पुढे दावा झाला. खालच्या कोर्टांत हरल्यावर वादींनी हायकोर्ट गाठले. तेथेही, १७ मार्च १९३७ रोजी, तळ्यावर केवळ स्पृश्यांचा हक्क असल्याची पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही असा निकाल लागला. ठराव होऊन तेव्हा चौदावे वर्ष चालू होते.

ठराव मांडणारा आपला होता हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्या दिवशी तळ्यावर आपल्यापैकी किती जण गेले होते, हे मात्र आपण एकमेकांस विचारीत नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेने सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तीविषयी कायदा झाला व १९७६ च्या दुरुस्तीने त्यास ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. त्याच दुरुस्तीने घातलेल्या कलम १५-अ प्रमाणे अंमलबजावणीचा अहवाल केंद्र सरकारने दरवर्षी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचा असतो. तो केव्हा ठेवला गेला व त्यावर आपण काय विचारले, असे पत्र आपल्या मंडळाच्या प्रत्येक शाखेने यंदा आपल्या खासदारास पाठवावे. येईल ते उत्तर, आणि न आल्यास तसा उल्लेख, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावा, अशी आमची सूचना आहे.