आमच्या ताटातील पाहुणे

गतवर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त प्रीतिभोजन ठरविण्यासाठी बैठक भरली होती. तरुण मंडळींनी एका मासिकातून उतरवून आणलेली यादी पुढे ठेवली. लोण्यात कुस्करलेला बटाटा, तेलात मुरवलेली तुर्की पद्धतीची वांगी, टोमॅटोच्या रसात शिजवलेला राजमा, अशा देशोदेशींच्या पोटभरीच्या भाज्या तीत होत्या. यादी वाचून होते न होते तोच एक वयोवृद्ध काका उठले आणि म्हणाले, "फादर, सणाच्या दिवशी हे बाहेरचे खाणे कशाला? आपले साधे जेवण असावे. बटाट्याचा रस्सा, कोबीची भाजी, टोमॅटोची कोशिंबीर, मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकरी." सभेने माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

रात्री एकटे बसलो असता आमचे आम्हांलाच हसू आले. काकांच्या यादीतील एकही जिन्नस मूळचा या भूमीतील नव्हता. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा, कोबी युरोपच्या सागरकिनाऱ्याचा, टोमॅटो आणि मिरची मेक्सिकोच्या बाजूची. ज्या भाकरीवर मराठवाड्याचा पिंड पोसला, तिची ज्वारीसुद्धा सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. तरुणांच्या यादीतील वांगे मात्र अस्सल आपले! "आपले" आणि "बाहेरचे" यांची सीमा आपण कुठे आखतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. त्या भोजनाच्या दिवशी घडलेल्या एका प्रसंगाने तो अधिकच टोकदार झाला. तो प्रसंग शेवटी सांगू. प्रथम ताटाचा इतिहास पाहू.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने "मानसोल्लास" नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याला लागूनच. राजाने काय खावे आणि ते कसे रांधावे, याचे त्यात विस्तृत वर्णन आहे. पण त्या राजाच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले यांवरच काम भागत असे.

पुढे १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. या तीन सनांनी आपले स्वयंपाकघर बदलून टाकले. पोर्तुगीज गलबतांतून नवी बियाणी किनाऱ्यावर उतरली आणि तेथून घाट चढून वर आली. त्यांची नावेही त्यांच्यासोबत आली. बटाटा, काजू, अननस, पपई हे शब्द आपण पोर्तुगीजांच्या तोंडून उचलले. कोबी हा शब्दही त्यांच्या "कोव्ह"वरून आला. मिरचीला मात्र आपल्या लोकांनी घरचेच नाव दिले. मिरीचे काम करणारी म्हणून ती मिरची! पैठणचे एकनाथमहाराज १५३३ ते १५९९ या काळात होऊन गेले. ते भारुडे रचीत होते, त्याच शतकात ही मेक्सिकोची कन्या हिंदुस्थानच्या भूमीत रुजत होती.

तिच्याविषयीची एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. अरणचे संत सावता माळी तेराव्या शतकातले. मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारा त्यांच्या नावाचा एक अभंग घरोघरी गायिला जातो आणि त्यात मिरचीही आहे. सावतामहाराजांच्या हयातीत मिरची हिंदुस्थानात नव्हती. अर्थात हा शब्द पुढील पिढ्यांच्या मुखातून तेथे आला असावा. काटेकोर अभ्यासक याला कालविपर्यास म्हणतील. आम्हांला त्यात लोकांचे मोठे मन दिसते. परदेशातून आलेल्या रोपाला त्यांनी थेट संताच्या मळ्यात जागा दिली आणि ते पाहुणे होते हे विसरूनही गेले.

उपवासाचे ताट पाहिले तर आश्चर्य आणखी वाढते. आमचे हिंदू बांधव एकादशीला पूर्वापारची धान्ये वर्ज्य करतात. मग चालते काय? बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा आणि साबुदाणा. आज साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो धरून हे सारे अमेरिका खंडातून आलेले! काल आलेला पाहुणा घरातील सर्वांत पवित्र ताटात जाऊन बसला. पाहुणचाराची याहून मोठी साक्ष कोणती?

सर्वत्र असे घडले नाही. फ्रान्समध्ये बटाट्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. त्याने रोग होतो, असा समज होता. पार्मेंतिए नावाच्या औषधशास्त्रज्ञाने प्रशियाच्या कैदेत असताना बटाटे खाल्ले, आपली प्रकृती ठणठणीत राहिल्याचे पाहिले आणि पुढे त्याचा प्रचार केला. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यकीय विद्वानांनी बटाटा खाण्यास योग्य ठरविला. बंगालमध्ये टोमॅटोला "विलायती बेगुन", म्हणजे परदेशी वांगे, असेच म्हणत. पाहुण्याला पाहुणा म्हणत म्हणतच माणसे त्याला घरात घेतात.

आता आपल्या शहराकडे वळू. आजचे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, हे १६१० साली खडकी या नावाने वसविले ते मलिक अंबरने. तो इथिओपियाचा. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने बांधविलेल्या नहर-ए-अंबरीचे पाणी या नगरीला आणि तिच्या बागांना मिळाले. ज्वारी आफ्रिकेची, चवळी आफ्रिकेची, बहुतेक अभ्यासकांच्या मते भेंडीही तिकडचीच, आणि शहराला पाणी पाजणारा माणूसही आफ्रिकेचा! १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला आणली. पुढे मोगल आले, मग निजामाची राजवट आली आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात राहिला. प्रत्येकाने आपली चूल येथे मांडली.

या साऱ्या चुलींची साक्ष एका भाजीत एकवटलेली आहे. ती म्हणजे बघारे बैंगन. कोवळ्या वांग्यांना देठ राखून चिरा द्याव्यात आणि ती तेलात परतून घ्यावीत. शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे भाजून, कांद्यासह बारीक वाटावे. त्या वाटणात मिरची आणि चिंचेचा कोळ घालून वांगी मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजवावीत. आपल्या भरल्या वांग्यांची ही सख्खी बहीणच. आता तिचे गोत्र पाहा. वांगे आणि तीळ भारताचे, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोची, कांदा मध्य आशियाचा आणि चिंच आफ्रिकेची. गंमत अशी, की चिंचेला अरबांनी "तमर हिंदी", म्हणजे हिंदुस्थानची खजूर, असे नाव दिले. आफ्रिकेचे झाड आपल्याकडे इतके रुळले, की जगाने ते आपलेच मानले!

वांग्याने उलटा प्रवास केला. त्याचे जुने भारतीय नाव फारसीत "बादिंगान" झाले, अरबीत "अल्-बादिंजान", पोर्तुगीजमध्ये "बेरिंजेला", आणि तेच "ब्रिंजल" होऊन इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे परत आले. तुर्कस्तानात तेलात मुरलेली वांगी, सिसिलीत आंबटगोड वांगी, दक्षिण फ्रान्समध्ये टोमॅटोसह शिजवलेली वांगी ही सर्व आपल्या लेकीची सासरची घरे होत. तरुणांच्या यादीतील तुर्की भाजी म्हणजे माहेरी आलेली लेक होती. आम्ही तिला दारातूनच परत पाठविले.

पाहुण्याचे स्वागत करताना एक सावधगिरीही हवी. आयर्लंडच्या गरिबांनी सारा संसार एकट्या बटाट्यावर सोपविला होता. १८४५ पासून पिकावर करपा पडला आणि सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली. आपल्या भागानेही भूक पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळातील परदेशी मिलो ज्वारी आणि सुकडी आमच्या वयाच्या माणसांना विसरता येणार नाही. तेव्हा रानातील तांदूळजा, घोळ, पाथरी यांनीही अनेक चुलींना आधार दिला. नव्याला जागा द्यावी. मात्र ती देताना बांधावरच्या जुन्या भाजीला उठवू नये. ताटात जितकी विविधता, तितका संकटकाळी आधार.

आता तो प्रसंग. प्रीतिभोजन काकांच्या यादीप्रमाणेच झाले. वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेली झारखंडची काही कुटुंबे आमच्या धर्मग्रामात आहेत. त्यांतील एका ताईने घरून एक पातेले आणले होते. "फादर, फुटकल है, हमारे गाँव का साग," असे ती संकोचाने म्हणाली. पिंपळाच्या जातीतील एका वृक्षाचे कोवळे कोंब वाफवून, वाळवून ठेवतात आणि भाताच्या पेजेत शिजवतात. चव आंबट. पातेले मेजाच्या टोकाला ठेवले गेले. काळपट रंग पाहून माणसे पुढे सरकत राहिली. भोजन संपले तेव्हा पातेले जवळजवळ भरलेले होते. तिने ते पदराने झाकले आणि काही न बोलता उचलून नेले. वाचकहो, इतरांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. आम्हीही ते चाखले नव्हते.

पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकात वाळवंटातील इस्राएली लोक मिसरच्या काकड्या, कांदे आणि लसूण आठवून रडतात. ज्या देशात ते गुलाम होते, त्या देशाच्या भाज्या त्यांना आपल्या वाटत होत्या. गाव सुटलेल्या माणसाजवळ कित्येकदा जिभेवरची चव एवढेच गाव उरते. त्या ताईच्या पातेल्यात तिचे गाव होते.

पुढे एका रविवारी आम्ही होऊन तिच्या घरी गेलो आणि फुटकल मागून घेतले. पहिल्या घासाला आमच्या आईची अंबाडीची भाजी आठवली. ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली, तशीच आंबट आणि पोटाला आधार देणारी. आम्ही ते बोलून दाखविले, तेव्हा तिने अंबाडी कशी असते ते विचारले. येत्या हंगामात जुडी आणून देण्याचे आम्ही कबूल केले आहे.

यंदाच्या सणाची बैठक जवळ आली आहे. काकांच्या ठेच्याला आणि भाकरीला धक्का लागणार नाही. तरुणांची वांगीही होतील. आणि फुटकलचे पातेले मेजाच्या टोकाला न ठेवता मध्यभागी, अंबाडीच्या शेजारी ठेवावे, अशी सूचना आम्ही मांडणार आहोत. पहिले वाढून आम्हीच घेऊ.