पल्ला-पडताळणी (कणोपचारातील)

कर्करोगावरील कणोपचारात शरीरात सोडलेले प्रोटॉन किंवा कार्बनचे आयन नेमके किती खोलवर जाऊन थांबले, हे प्रतिमांवरून तपासण्याची पद्धत. क्ष-किरण गाठ ओलांडून आरपार निघून जातात. प्रोटॉन मात्र वाटेत थोडीथोडी ऊर्जा खर्च करतो आणि थांबता थांबता उरलेली एकदम ओततो. खोलीच्या आलेखावरचा हा उंचवटा म्हणजे ब्रॅग शिखर. त्याचा उपचारासाठी उपयोग रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवला.

गोची अशी, की शरीराबाहेर न येणाऱ्या कणाची प्रतिमा घ्यायची कशी?

तरी पडताळणी हवीच, कारण उपचाराची आखणी सीटी स्कॅनवर होते. त्या दिवशी नाकालगतच्या पोकळीत हवा असते. पुढच्या आठवड्यात तिथे शेंबूड साचला, की प्रोटॉन अलीकडेच अडतो. शिवाय स्कॅनमधल्या करड्या छटांवरून ऊतकांची रोधशक्ती काढतानाही थोडी चूक राहतेच. म्हणून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पल्ल्याच्या ३.५ टक्के अधिक १ मिमी इतकी मोकळीक धरण्याचा प्रघात पडला. २० सेंमी खोलीवर ती ८ मिमी भरते. गाठ मेंदूच्या खोडाला चिकटलेली असेल, तर हे अंतर भलतेच महाग पडते.

कण कुठे थांबला हे पाहण्याची जुनी वाट पेट (पॉझिट्रॉन उत्सर्जन) स्कॅनची. कणांच्या माऱ्याने ऊतकांत कार्बन-११, ऑक्सिजन-१५ असे अल्पायुषी समस्थानिक तयार होतात आणि पेट त्यांचा माग काढते. जर्मनीतील डार्मश्टाटच्या जीएसआय संस्थेत १९९७ ते २००८ या काळात सुमारे ४४० रुग्णांवर कार्बनोपचार झाले. तिथे पेटचे शोधक उपचाराच्या खाटेलगतच बसवले होते. मात्र ऑक्सिजन-१५ दोन मिनिटांत निम्मा होतो, आणि रक्तप्रवाह उरलेला माग पुसत असतो तो वेगळाच.

प्रॉम्प्ट गॅमा किरणांना ही अडचण नाही. प्रोटॉन अणुकेंद्रावर आदळताच, नॅनोसेकंदाच्याही आत, ते बाहेर पडतात. टंगस्टनच्या जाड ठोकळ्यातील अरुंद फटीतून येणारे हे किरण मागच्या शोधकांवर पडतात आणि किरणमार्गाची उलटी प्रतिमा उमटते. असा कॅमेरा २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या ऑन्कोरे केंद्रात प्रथमच प्रत्यक्ष रुग्णाच्या उपचारादरम्यान वापरला गेला.

बहुतेक केंद्रांची भिस्त अजूनही मोकळीक धरण्यावरच आहे. नाजूक अवयवाच्या अगदी तोंडाशी झोत थांबेल अशी दिशा टाळतात आणि बाजूची वाट धरतात, मग त्या वाटेत निरोगी ऊतक जास्त का येईना.