हाताखालची तबकडी

आपल्याकडे ‘डीजे लावला’ म्हणतात. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचली की झाला डीजे. तिच्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराचं नाव मिरवणुकीत नाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. मूळ शब्द डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. तबकडी गेली, माणूसही मागे सरला. मग त्याचं काम नेमकं काय होतं आणि त्यातलं आता काय उरलं? हे विचारायचं तर ग्रँडमास्टर फ्लॅशकडे जावं लागतं.

खरं नाव जोसेफ सॅडलर. जन्म १९५८, बार्बाडोस. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. वडिलांना रेकॉर्डचा भारी षोक, आणि त्या रेकॉर्डना हात लावला की पोराला मार. शाळा तांत्रिक, विषय इलेक्ट्रॉनिक्स. टाकून दिलेल्या गाड्यांमधून, भंगारातून सुटे भाग काढून आणायचे आणि घरी उघडून बघायचे, हा त्याचा उद्योग. मुलाखतींत आणि २००८ च्या आत्मचरित्रात तो आपल्या कलेबद्दल बोलतो तेव्हा कलावंतापेक्षा मेकॅनिक जास्त वाटतो. मला तो आवडतो त्याचं हेही एक कारण.

त्याच्याआधी कूल हर्क होता. ऑगस्ट १९७३ मध्ये ब्राँक्सच्या सेजविक ॲव्हेन्यूवरच्या इमारतीत त्याच्या बहिणीची पार्टी झाली. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून तीच तारीख धरतात. हर्कनं हेरलं, की गाण्यातले गायक-वादक थांबून नुसते ड्रम वाजतात, त्या तुकड्यावर पोरं जास्त पेटतात. तो तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन हर्क तो लांबवायचा. पण सुई अंदाजानं टाकायचा, त्यामुळे मध्येच ठेका तुटायचा.

फ्लॅशला हा तुटका सांधा सहन होईना. त्यानं सुई सोडून तबकडीलाच हात घातला. रेकॉर्डवर बोटं म्हणजे तेव्हा पापच. ओरखडे, घामाचे डाग. त्यानं क्रेयॉननं रेकॉर्डवर खूण केली, घड्याळाच्या काट्यासारखी. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. ब्रेक ९ सेकंदांचा असेल तर तबकडी बरोबर ५ फेरे उलटी फिरवायची, की पुन्हा त्याच जागी. इकडची वाजत असताना तिकडची उलटी न्यायची आणि ठेक्यावर सोडायची. खाली चकती फिरत राहावी आणि वर रेकॉर्ड हातानं थांबावी म्हणून फेल्ट कापडाचा गोल कापला, त्याला स्टार्च मारून इस्त्रीनं कडक केलं. दुसरी रेकॉर्ड लोकांआधी आपल्याला हेडफोनमध्ये ऐकू यावी म्हणून स्वतःच एक स्विच जोडला. आज हे सगळं प्रत्येक मिक्सरमध्ये तयार मिळतं.

१९८१ मध्ये शुगर हिलनं त्याची सात मिनिटांची रेकॉर्ड काढली. इतरांच्या रेकॉर्ड टर्नटेबलवर जोडत त्यानं स्टुडिओत ती वाजवली. ज्यात वाद्य म्हणजे टर्नटेबलच.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ चा टर्नटेबल, १९७९ च्या सुधारित आवृत्तीनंतर क्लबांचा मानक झाला. २००१ मध्ये पायोनियरनं सीडी वाजवणारं असं यंत्र आणलं, ज्यावरची मोठी चकती रेकॉर्डसारखी ढकलता यायची. मग लॅपटॉप.

लॅपटॉपपाशी मात्र थांबायला हवं. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेरातोनं रेन कंपनीबरोबर जी प्रणाली आणली, तिच्यातल्या रेकॉर्डवर गाणं नसतंच. एक हजार हर्ट्झची एकसुरी शिट्टी असते. तबकडी जोरात फिरली की सूर चढतो, हळू फिरली की उतरतो; त्यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या-उजव्या चॅनेलमधल्या लाटा पाव चक्राच्या फरकानं ठेवलेल्या असतात. कोणती पुढे आहे त्यावरून दिशा कळते. जुन्या बॉलवाल्या माउसमध्ये हीच युक्ती होती. शिवाय शिट्टीत आकडे गुंफलेले, त्यामुळे सुई उचलून मध्येच ठेवली तरी लॅपटॉपमधलं गाणं त्याच जागी उडी मारतं. संगीत तबकडीतून निघून गेलं तरी इंजिनिअरांनी तबकडी ठेवली, कारण बोटांना जे येत होतं ते दुसऱ्या कशावर उतरवता येईना. फ्लॅशनंही लॅपटॉप घेतला.

गमावलं ते वेगळंच. शंभर एलपींचं खोकं वीस किलोच्या पुढे जातं. म्हणजे आज रात्री काय वाजवायचं यातलं बरंचसं घरीच ठरवावं लागे. हर्क तर रेकॉर्डची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, कुणाला गाण्याचा पत्ता लागू नये म्हणून. आता फोन वर धरला की पत्ता लागतो.

आणि मग सिंकचं बटण. दोन गाण्यांचा ठेका यंत्रच जुळवतं. यावर जुन्या डीजेंची चिडचिड समजू शकते. महिनोन् महिने बोटं आणि कान झिजवून मिळवलेली गोष्ट कुणीतरी एका क्लिकवर ठेवली. पण फ्लॅशचीच एक आठवण मला या वादात महत्त्वाची वाटते.

फेरे मोजण्याचं तंत्र पक्कं झाल्यावर तो ते घेऊन पहिल्यांदा लोकांसमोर गेला. एकामागून एक ब्रेक, कुठेही सांधा दिसेना. आणि कुणीच नाचलं नाही. माणसं नुसती उभी राहून बघत होती, वर्गात बसल्यासारखी. घरी जाऊन तो रडला, असं तो सांगतो.

सिंक आज जे करतं ते त्या दिवशी त्याच्याकडे होतंच, हातानं मिळवलेलं. त्यानंतर त्यानं टर्नटेबलच्या पलीकडे एक मायक्रोफोन ठेवला, ज्याला यायचं त्यानं यावं म्हणून. काउबॉय नावानं ओळखला जाणारा पोरगा पुढे आला आणि गर्दीशी बोलायला लागला, त्यांना हात वर करायला लावायला लागला. फ्लॅशचे हात तबकड्यांवर होते. त्याला आता वर मान करून बघता येत होतं, कोण नाचतंय.