साक्षी गोळा करणारा माणूस

धर्मग्राम वाढावा म्हणून सभासदांचे अनुभव गोळा करायचे, हे आज मोबाइलवर व्हिडिओ काढण्याइतकं सोपं आहे. कोरियात एकेकाळी ते जिवावरचं काम होतं.

तिथलं कॅथलिक चर्च सामान्य माणसांनी सुरू केलं. १७८४ मध्ये यी सुंग-हून बीजिंगमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतले आणि त्यांनी मित्रांना बाप्तिस्मा दिला. वस्तीला पहिले धर्मगुरू आले ते दहा वर्षांनी. तोवर श्रद्धावंत हजारोंत गेले होते.

१८३९ च्या छळात बिशप इम्बेर हुतात्म्यांच्या नोंदी ठेवू लागले. आपलीही अटक अटळ आहे हे ओळखून त्यांनी ते काम ह्यन सोक-मुन आणि काही सोबत्यांवर सोपवलं. सप्टेंबरमध्ये बिशपांचा शिरच्छेद झाला. ह्यन मात्र लपतछपत साक्षी जमवत राहिले: कोण पकडलं गेलं, काय बोललं, कसं मेलं. त्यातून ‘गिहे इल्गी’, म्हणजे १८३९ सालची रोजनिशी, तयार झाली. १८४६ मध्ये ह्यन यांनाही मारलं गेलं.

१९८४ मध्ये सोलमध्ये १०३ हुतात्म्यांना संतपद मिळालं. त्यांत ह्यनही होते.

‘आमचं चर्च किती छान’ हे सांगायला त्या नोंदी लिहिल्याच नव्हत्या. माणसांनी मरतानाही काय सोडलं नाही, तेवढंच त्यांत होतं. आज कुणाचा अनुभव मागताना हाच प्रश्न विचारून बघावा.