प्रापंचिक धर्मसेवकांचे प्रशिक्षण : अँग्लिकन परंपरा व भंडारा जिल्हा

ख्रिस्ती धर्मसंस्थेतील दीक्षा न घेतलेल्या, म्हणजे प्रापंचिक, सभासदांना उपासनाचालन, धर्मशिक्षण, प्रवचन, रुग्णभेट इ. कार्यांसाठी तयार करण्याची पद्धती. अँग्लिकन चर्चमध्ये बिशप, पाळक व डीकन अशा धर्मसेवकांच्या तीन दीक्षित श्रेणी आहेत. प्रभुभोजनाचा विधी बिशपने किंवा पाळकाने चालवावा, असा या चर्चचा दंडक आहे. इतर अनेक कामे मात्र प्रापंचिकांकडे सोपविता येतात. जेथे ख्रिस्ती वस्ती विरळ व गावोगाव विखुरलेली असते आणि पाळकाची भेट क्वचितच घडते, तेथे मंडळीचे दैनंदिन धार्मिक जीवन अशा प्रशिक्षित प्रापंचिकांवरच अवलंबून राहते. भंडारा जिल्हा हे त्याचे एक उदाहरण होय.

या पद्धतीची मुळे इंग्लंडमधील उपासनापद्धतीत आढळतात. १६६२ च्या सामान्य प्रार्थनापुस्तकात सकाळच्या व सायंकाळच्या प्रार्थनांचा पाठ निश्चित करून दिलेला आहे. त्यामुळे कोणाही साक्षर सभासदाला ती उपासना चालविणे शक्य झाले; पापक्षमेचे घोषवाक्य तेवढे दीक्षित पाळकासाठी राखून ठेवण्यात आले. औद्योगिकीकरणामुळे वाढलेल्या शहरांत पाळकांची संख्या अपुरी पडू लागली, तेव्हा १८६६ मध्ये इंग्लंडच्या बिशपांनी ‘रीडर’ म्हणजे वाचक या जुन्या पदाचे पुनरुज्जीवन केले. स्त्रियांना हे पद १९६९ मध्ये खुले झाले.

भारतात अँग्लिकन चर्चची रीतसर व्यवस्था १८१४ मध्ये कलकत्त्याला बिशपपद स्थापन झाल्यावर सुरू झाली. मुंबईचा धर्मप्रांत १८३७ मध्ये व नागपूरचा १९०३ मध्ये अस्तित्वात आला. एअर चॅटर्टन हे नागपूरचे पहिले बिशप होत. मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य भारत व राजपुताना एवढा विस्तीर्ण प्रदेश त्यांच्या अधिकाराखाली होता आणि पाळक मोजकेच होते. रेल्वेच्या व शासकीय ठाण्यांतील इंग्रजी भाषिकांकडे पाळक ठराविक काळाने फेरी करीत. तो नसताना एखाद्या अधिकाऱ्याने रविवारची प्रार्थना वाचावी, अशी प्रथा त्या काळी रूढ होती. मात्र या वाचकाला प्रार्थनापुस्तक हाती असण्यापलीकडे फारशा प्रशिक्षणाची गरज भासत नसे.

मराठी भाषिक मंडळ्यांत हे काम धर्मशिक्षकाकडे, म्हणजे कॅटेकिस्टकडे, असे. आठवडाभर गावची शाळा चालवावी व रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यावी, असा त्याचा सामान्य क्रम होता. बायबलमधील निवडक उतारे, धर्मप्रश्नोत्तरे, प्रार्थनांचे पाठ आणि गायन हे त्याच्या शिक्षणाचे मुख्य विषय असत. मराठी श्रोत्यांना परिचित असलेल्या भजन-कीर्तनाच्या पद्धतीचाही ख्रिस्ती प्रचारकांनी स्वीकार केला, ना. वा. टिळकांच्या पद्यरचनांमुळे या उपासनेला समृद्ध मराठी गीते लाभली. घराघरांत जाऊन स्त्रियांना बायबल वाचून दाखविणाऱ्या ‘बायबल वुमन’ हा दुसरा महत्त्वाचा वर्ग होय. पुरुष प्रचारकांना जेथे प्रवेश नव्हता तेथे त्या पोहोचत. तथापि चर्चच्या श्रेणिव्यवस्थेत त्यांना त्या प्रमाणात स्थान मिळाले नाही.

या व्यवस्थेत एक मूलभूत दोष होता. धर्मशिक्षकाचे वेतन मिशनकडून येत असल्याने तो मंडळीचा प्रतिनिधी न ठरता मिशनचा नोकर ठरे. मिशनचा निधी आटला की शाळा व उपासना दोन्ही बंद पडण्याचा धोका असे आणि मंडळीला स्वावलंबनाची सवय लागत नसे. उत्तर चीनमध्ये काम केलेले अँग्लिकन मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या परावलंबनावर कठोर टीका केली. स्थानिक मंडळीतील प्रौढ व विश्वासू व्यक्तींवर प्रारंभापासूनच जबाबदारी टाकावी, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी व्ही. एस. अझारिया हे दोर्नकलचे बिशप झाले. ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप होत. ग्रामीण तेलुगू मंडळ्यांसाठी स्थानिक सेवक घडविण्यावर त्यांनी भर दिला व सेवकांच्या पत्नींच्या शिक्षणालाही त्यात स्थान दिले.

भंडारा जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळीचा उगम मात्र अँग्लिकन नाही. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपूर येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य सुरू केले व पुढे त्याच मिशनचे केंद्र भंडारा येथे निघाले. हे चर्च प्रेस्बिटेरियन पंथाचे असल्याने त्यात बिशप नव्हता. मंडळीने निवडलेले ‘वडील’ पाळकाच्या जोडीने कारभार पाहत. दक्षिणेकडील चांदा (चंद्रपूर) येथे मात्र स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परिवारातील, चर्चचे मिशन होते. अशा रीतीने वैनगंगेच्या खोऱ्यात एकाच देशातून आलेल्या दोन भिन्न परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. एकीत प्रापंचिकाचा अधिकार मंडळीच्या निवडीतून येई, तर दुसरीत तो बिशपच्या अनुज्ञेतून मिळे.

या दोन्ही परंपरा एकत्र येण्यास राजकीय व धार्मिक अशी दोन्ही कारणे होती. प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर भारतीय संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. १ मार्च १९३० रोजी भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने स्वतंत्र झाले. भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात असताना त्या शासनाने १९५४ मध्ये मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी भ. शं. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. परकीय मिशनऱ्यांच्या धर्मांतरकार्यावर त्यात टीका होती, तसेच भारतीय ख्रिस्ती लोकांनी परकीय साहाय्यावर न विसंबणारे संयुक्त चर्च उभारावे, अशी सूचनाही होती. चर्चच्या नेत्यांनी अहवालाशी तीव्र मतभेद नोंदविले. परंतु स्थानिक सेवक तयार करण्याची निकड त्यानंतर टाळता येण्याजोगी राहिली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चचे एकीकरण होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. भंडाऱ्याची मंडळी नागपूरच्या बिशपच्या अधिकारक्षेत्रात आली, ती या एकीकरणामुळे. नव्या चर्चने बिशपपद स्वीकारले, त्याचबरोबर कारभारात प्रापंचिकांचा सहभागही राखला.

याच सुमारास प्रशिक्षणाच्या पद्धतीतही बदल घडून आला. निवासी धर्मविद्यालयात काही वर्षे राहणे हे शेती, नोकरी वा संसार सांभाळणाऱ्या प्रौढाला शक्य नसते. ग्वातेमालातील प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने १९६३ मध्ये विस्तारपद्धती सुरू केली. तीत विद्यार्थी घरी पाठ्यपुस्तकाचा अभ्यास करतो व ठराविक दिवशी मार्गदर्शकासमवेत गटात चर्चा करतो. या पद्धतीच्या भारतातील प्रसारासाठी १९७१ मध्ये बंगलोर येथे ‘टॅफ्टी’ ही संस्था निघाली. सेरामपूर विद्यापीठानेही प्रापंचिकांसाठी बहिःस्थ अभ्यासक्रम ठेवले. धानाच्या लावणी-कापणीवर ज्याचे वर्ष बेतलेले असते, अशा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला हीच पद्धती सोयीची ठरते. मात्र तिचे यश मराठी पाठ्यपुस्तकांवर अवलंबून असते. इंग्रजी पुस्तकांवर आधारलेले शिक्षण शहरी सुशिक्षितांपुरतेच मर्यादित राहते.

प्रापंचिकांच्या प्रशिक्षणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या इतिहासात दिसून येतात. पाळकांच्या अभावी करावयाची अल्पखर्चाची तजवीज, ही पहिली. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाचा सेवेतील हक्क, ही दुसरी. पहिल्या दृष्टीनुसार पाळक मिळताच प्रापंचिकाचे काम संपते, तर दुसरीनुसार ते पाळकाच्या कामास पूरक म्हणून कायम राहते. प्रभुभोजनाचा प्रश्न मात्र दोहोंनाही सुटलेला नाही. लहान गावातील मंडळी आपल्या वाचकाच्या नेतृत्वाखाली दर रविवारी प्रार्थना करू शकते. परंतु ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या या विधीसाठी तिला पाळकाची वाट पाहावी लागते. अशा वाचकालाच स्थानिक पाळक म्हणून दीक्षा द्यावी, हा ॲलन यांचा विचार अनेक देशांतील अँग्लिकन चर्चमध्ये चर्चिला गेला आहे. प्रशिक्षण कोणाला व किती द्यावयाचे, या प्रश्नामागे अधिकार कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न सदैव राहिलेला आहे.