मुकं कार्ड, परका दुभाषा

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड घेताना आपण वेग पाहतो, किंमत पाहतो. लिनक्सवर काम करणारे आणखी एक विचारतात: याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषा, खुला आहे का? तो कंपनीच्याच मुठीत असला आणि तिने जुन्या कार्डाकडे पाठ फिरवली, तर धडधाकट कार्डही नव्या प्रणालीपुढे मुकं होतं.

एएमडीने २००६ साली एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये कार्डांची तांत्रिक कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. एनव्हिडियाने हात आखडता घेतला. मग ‘नूवो’ प्रकल्पातल्या मंडळींनी कार्डाला कोणत्या आज्ञा जातात हे टिपून, अंदाज बांधत स्वतःच ड्रायव्हर लिहिला. व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय, नुसतं ऐकून परकी भाषा शिकावी तसं हे काम. मला त्या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

२०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला भर सभेत शिवी हासडली. ती रेडिओवर सांगण्याजोगी नाही! मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांपुरता. त्याआधीची कार्डं त्यात बसली नाहीत.